गाडीची घोडी

पहिल्या दिवशी घोडी दांड्यापाशी आली आणि थांबली.

बिचकली नाही, बुजली नाही, मान झटकली नाही. दुडक्या चालीने आली, गुडघाभर उंचीचा तो तांबडा-पांढरा दांडा पाहिला, चारही पाय नीट जुळवले आणि उभी राहिली. कान पुढे, शेपटी खाली, अंगावर साधा शहारा नाही. इथवरच यायचं ठरलं होतं म्हणा ना. मी मात्र थांबले नाही. तिच्या मानेवरून घसरत पुढे गेले, आयाळीला लोंबकळले आणि दांड्याच्या पलीकडे वाळूत पाठीवर पडले.

"चला, दोघींतल्या एकीने तरी पार केला," मास्तर म्हणाले.

रिंगणाच्या कडेला वकीलबाई आपल्या उंच काळ्या घोड्यावर बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत. त्यांचा घोडा तेवढा फुरफुरला.

मी पडल्या पडल्या आधी मनगट चाचपलं, मग कोपर, मग खांदा. सवयच ती. मी हाडांच्या दवाखान्यात प्लास्टर घालते. चोवीस वर्षं घालते आहे. पडलेली माणसं माझ्याकडे येतात आणि मी त्यांना एकच गोष्ट सांगते: हलू नका. सहा आठवडे हलू नका. लहानांना गोड बोलून सांगते, म्हाताऱ्यांना दटावून सांगते. चोवीस वर्षं दुसऱ्याला हलू नको म्हणता म्हणता एक दिवस माझ्याच पायांची चुळबूळ सुरू झाली. आठवड्यातला एक तास तरी दोन्ही पाय जमिनीवरून सुटावेत, एवढंच मागणं होतं. म्हणून पंचेचाळिसाव्या वर्षी घोड्यावर बसायला शिकले. आता सत्तेचाळीस पूर्ण झाली आणि उडी शिकायची होती.

घोडी नवी होती, म्हणजे मला नवी. जगाला ती सोळा-सतरा वर्षं जुनी. दवाखान्याच्या रस्त्यावर दुधाची गाडी ओढायची. सकाळी कामावर जाताना मी तिला पाहायची. दूधवाला कुठल्या तरी दारात गेलेला, लगाम मोकळा, गाडीवर कोणी नाही, आणि रस्त्याच्या मधोमध ही पांढरी ठिपक्यांची बाई आपली एकटी उभी. मोटारी भोंगे वाजवायच्या, सायकली घासून जायच्या, ही ढिम्म. मला तिचा हेवा वाटायचा. एवढ्या गोंगाटात इतकं आपल्यापुरतं उभं राहता येतं? दूधवाल्याने व्हॅन घ्यायची ठरवली तेव्हा मी काही विचार केला नाही. "मला द्या," म्हणाले. त्याने दिली.

मास्तरांनी तिला पाहून डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर ढकलला. मास्तर एका पायाने अधू, पण आवाजाने चारही पायांवर उभे.

"प्लास्टरबाई, ही गाडीची घोडी आहे."

"हो."

"इथे उड्या शिकवतो आपण."

"म्हणून तर आणली."

पागेत आठ ठाणं. आठवं रिकामं होतं. मास्तरांनी घोडीला तिथे बांधलं आणि दारावरच्या पाटीवर खडूने लिहिलं: गाडीची घोडी. त्याखाली मोठ्या अक्षरांत: तात्पुरती.

"तीन आठवड्यांनी परीक्षा," ते म्हणाले. "सहा अडथळे. तीनदा थांबली की बाद. बाद झाली की ठाण रिकामं करायचं, त्याच संध्याकाळी. नियम सगळ्यांना सारखा."

"आणि मग ती जाईल कुठे?"

"वीटभट्टीवाला विचारून गेलाय. त्याला ओढणारं जनावर हवंच असतं."

वीटभट्टीवर ओढणाऱ्या जनावरांचे मालक कधीकधी हात-पाय मोडून माझ्याकडे येतात. त्यांच्या तोंडून ऐकलं आहे मी, तिथे जनावर किती दिवस टिकतं ते. पाटीवरच्या त्या खालच्या शब्दाचं अक्षरन् अक्षर नीट वाचून घेतलं.

घरी दादा वाटच पाहत होता. मी दादा-वहिनीच्या घरात वरच्या खोलीत राहते. माझ्या केसांत वाळू होती.

"पडलीस."

"पडले."

"अगं, वय काय तुझं? लोकांची मोडलेली हाडं बांधतेस, तुला कळत नाही?"

"हाडं मोडली तर बांधणारी घरातच आहे. डावा हात मोडला तर उजव्याने बांधीन."

"आणि दोन्ही मोडले तर?"

"तर वहिनी भरवतील."

"मी नाही बाई," वहिनी आतून म्हणाल्या. "वन्सं, तुम्हाला चमच्याने भरवायचं वय माझंही राहिलं नाही." पण अंघोळीचं पाणी त्यांनी आधीच तापवून ठेवलं होतं.

दादा गप्प बसणाऱ्यांतला नाही. "त्या घोडीला जमायचं नाही. जन्मभर जे केलं तेच करणार ती. आणि तूही तशीच. एकदा डोक्यात घेतलं की घेतलं."

"मग आमचं दोघींचं जुळेल," मी म्हटलं आणि वर निघून गेले. जिन्यात पाय लंगडत होता. तो दादाला दिसू दिला नाही.

पुढचे दहा दिवस घोडी थांबत राहिली. हळू नेली तरी थांबली, पळवत नेली तरी थांबली. दांडा खाली आणला, घोट्याएवढा केला, तरी थांबली. मास्तरांनी शेवटी दांडा वाळूवर ठेवला. कोंबडीसुद्धा ओलांडील असा. घोडी त्याच्यापुढे येऊन उभी राहिली, अगदी शिस्तीत. वकीलबाईंचा काळा तोवर छातीएवढ्या दांड्यावरून जात होता आणि जाता जाता आमच्याकडे बघत होता.

"छडी घ्या," मास्तर म्हणाले.

"मारणार नाही मी तिला."

"मारू नका. दाखवा."

"दाखवणारही नाही."

"बाई, परीक्षेत हातात छडी लागतेच. छडी नसेल तर रिंगणात सोडत नाही मी. तुमची दया घरी ठेवून या."

"दया नाही ती मास्तर. ती घाबरून थांबत असती तर एक वेळ छडी दाखवली असती. ती घाबरत नाहीये. ती वाट बघतेय."

"कशाची?"

ते मला सांगता येईना. मी नुसती तिच्या पाठीवर बसून राहायची. प्लास्टरची गुंडाळी पाण्यात सोडली की बुडबुडे येतात, ते थांबेपर्यंत हात लावायचा नाही. तसं मनातल्या मनात मोजत बसायची. चाळीस-पन्नास अंक झाले की ती एकदा डावीकडे मान वळवायची, मागे बघायची आणि परत पुढे तोंड करून उभी. कोणीतरी यायचं राहिलंय, असं. बसल्या बसल्या मी तिला काहीबाही गुणगुणायची, आपलंच रचलेलं, ओळीला ओळ जोडून:

*दांडा गं आडवा, त्याला मनी काय भ्यावं,*
*थांबल्या पावलांनी जरा उंच गं पाहावं.*

कान हलायचे. पाय नाही.

अकराव्या दिवशी दवाखान्यात माझ्या टेबलासमोर दूधवाला येऊन बसला. उजवं मनगट सुजून टम्म झालेलं, हातात क्ष-किरणाचा फोटो.

"घोडी कशी आहे?" त्याने पहिलं हेच विचारलं.

"आधी तुम्ही कसे पडलात ते सांगा."

"व्हॅनच्या पायरीवरून. हसू नका ताई. तेरा वर्षं घोड्याच्या गाडीवर चढउतार केली, कधी नख मोडलं नाही. ही व्हॅन मेली थांबते कुठे? मी उतरतो आणि ती आपली चार बोटं पुढे सरकते."

मी कापूस गुंडाळला, पट्टी कोमट पाण्यात सोडली. बुडबुडे वर येऊ लागले.

"तुमची घोडी मात्र थांबते," मी म्हटलं. "दांडा दिसला की थांबतेच."

"थांबणारच की. फाटक आहे ते."

"काय?"

"तिच्या लेखी हो. आडवं लाकूड म्हणजे फाटक, फाटक म्हणजे गिऱ्हाईक. तीच तर शिकवण आहे. मला कधी लगाम ओढावा लागला नाही. आपण उतरायचं, दूध घालायचं, यायचं."

माझे हात पाण्यात तसेच राहिले. बुडबुडे कधीच संपले होते. "आणि मग चालायला कधी लागायची? तुम्ही काय म्हणायचात?"

"मी कशाला काय म्हणतोय? पहाटे चारला कोणाला बोलायला सुचतं? कॅनचं झाकण लावलं की निघायची. खण्ण झालं की हिचं पाऊल पडलंच." तो हसला. "एकदा माझ्या हातून झाकण नुसतंच पडलं, तर गाडी घेऊन गेली पुढच्या दाराला. मी माप हातात घेऊन मागे धावतोय."

मी पट्टी पिळली आणि त्याच्या मनगटावर फिरवायला लागले.

"गरम लागतंय," तो म्हणाला.

"लागणार. प्लास्टर बसतंय. हलू नका." मग म्हटलं, "जुनं झाकण आहे का अजून?"

"कॅनसकट आहे. माझी बायको त्यात कुंडी करणार म्हणते. झाकण घेऊन जा." दारात गेल्यावर तो वळला. "आणखी एक. गिऱ्हाईक दारात उभं असलं ना, तर झाकण लावलं तरी हलायची नाही हं. लोक अजून पाव लिटर मागतात ना मागाहून. गिऱ्हाईक आत गेलं, मग झाकण, मग चाल. असा सगळा तिचा हिशेब."

त्या वेळी मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. माझ्या डोक्यात फक्त झाकण वाजत होतं.

दुसऱ्या दिवशी मी पागेत गेले ती ते झाकण घेऊनच. ताटाएवढं, कडेला पोचे पडलेलं, वापरून वापरून चांदीसारखं झालेलं. खोगिराला, उजव्या गुडघ्याच्या पुढे, चामड्याच्या पट्टीने आवळून बांधलं.

"छडी द्या मास्तर," मी म्हटलं.

मास्तरांना बरं वाटलं. "आली ना वळणावर गाडी."

"आली."

मी घोडीला पुन्हा गुडघाभर चढवलेल्या दांड्याकडे नेलं. ती थांबली. मी छडी उचलली आणि झाकणावर मारली. खण्ण.

रिंगणात सगळ्यांच्या माना वळल्या. घोडीचं पाऊल पडलं. चालत चालत दांड्यावर गेली, तो पाडला आणि पुढे निघून गेली, दुसऱ्या दाराला निघाल्यासारखी.

"हे काय भांड्यांचं दुकान मांडलंय?" मास्तर ओरडले.

"छडी घेतली आहे मी. कुठे मारायची ते तुम्ही सांगितलं नव्हतं."

वकीलबाई पहिल्यांदाच माझ्याशी बोलल्या. "मुद्दा बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

मग आठ दिवस नुसतं गणित. झाकण लवकर वाजवलं तर ती वेग घ्यायची आणि दांड्यापाशी नवं फाटक म्हणून थांबायची. उशिरा वाजवलं तर आधीच थांबलेली असायची. तीन पावलं जाऊ द्यायची आणि चौथं उचलताना, तिथे आवाज हवा. मी पडले. पुन्हा पडले. एकदा झाकणावर पडले. माझ्या मांडीवर त्याचा काठ निळा उमटला. तो वहिनींनी पाहिला आणि दादाला सांगितला नाही.

आणि एका सकाळी चौथ्या पावलावर खण्ण झालं, आणि माझ्या खालचं सगळं मागचं अंग एकदम गोळा झालं. पाठ उचलली गेली. टापांचा आवाज थांबला. बाई गं, त्या क्षणात काहीच वाजत नव्हतं. झाकण नाही, टाप नाही, माझा श्वास नाही. मग पुढचे दोन पाय, मग मागचे दोन, वाळू उडाली आणि दांडा आमच्या मागे होता. मी खोगिरावरच होते. घोडी पुढच्या फाटकाच्या शोधात निघाली होती. तेरा वर्षं ती दारापुढे थांबत आली होती. दारावरूनही जाता येतं हे तिला त्या दिवशी कळलं असावं. मला तरी कळलं.

परीक्षेच्या दिवशी वहिनी आल्या, डबा घेऊन. दादाही आला. येणार नव्हता म्हणे, वाट चुकून आला. त्याच्या खिशातून औषधाच्या दुकानातली पट्टीची गुंडाळी डोकावत होती. हात गळ्यात बांधायची झोळीसुद्धा आणली होती.

कुंपणाबाहेर वीटभट्टीवाल्याची गाडी उभी होती. बिनघोड्याची.

मास्तर वही घेऊन आले आणि झाकणाकडे बोट दाखवलं. "ते काढा."

"का?"

"परीक्षा आहे."

"नियमांत काय लिहिलंय मास्तर? साज स्वच्छ हवा आणि घट्ट बांधलेला हवा. घासलंय मी ते. आणि ओढून बघा, हलतंय का."

त्यांनी ओढून पाहिलं. हललं नाही. पट्टी बांधण्यात माझं आयुष्य गेलं आहे.

"शोभतं का तुम्हाला?" ते हळू आवाजात म्हणाले.

"शोभायला आले नाही मी. ठाण मागायला आलेय."

ते लंगडत निघून गेले आणि शिट्टी वाजली.

पहिला दांडा, खण्ण, गेलो. दुसरा, गेलो. तिसऱ्याला मागच्या टापेने दांडा हलला, पण पडला नाही. चौथा, पाचवा. कुंपणापाशी लोक झाकणाबरोबर मान हलवायला लागले होते. सहावा अडथळा म्हणजे दांडा नव्हता. खरंखुरं पांढरं फाटक होतं, आडव्या पट्ट्यांचं. त्याच्या बाजूला मास्तर वही धरून उभे, नीट दिसावं म्हणून.

तीन पावलं, चौथं, खण्ण. घोडी थांबली.

"एक," मास्तर म्हणाले आणि वहीत लिहिलं.

फिरवून आणली. तीन पावलं, चौथं, झाकण इतक्या जोरात मारलं की छडी वाकली. घोडी थांबली. शिस्तीत, चारही पाय जुळवून. मास्तरांकडे बघत.

"दोन."

वीटभट्टीवाल्याने विडी विझवली. दादाने खिशातली गुंडाळी मुठीत घेतली. मला काही सुचेना, म्हणून मी घोडी जिकडे बघत होती तिकडे पाहिलं. मास्तर होते. फाटकाच्या बाजूला. अंगाशी वही धरून, पातेलं धरल्यासारखी.

गिऱ्हाईक दारात उभं होतं.

"मास्तर," मी म्हटलं, "आत जा."

"काय?"

"पाठ करा आणि चार पावलं आत जा. तुम्ही दारात उभे आहात तोवर ही हलायची नाही. तिला वाटतंय तुम्हाला अजून पाव लिटर हवंय."

कुंपणापाशी कोणीतरी खुदकन हसलं. वहिनीच असाव्यात. मास्तरांचा चेहरा तापला. वीस वर्षं या रिंगणात लोकांना त्यांनी मागे-पुढे सरकवलं होतं. त्यांना कोणी सरकवलं नव्हतं.

"मी कुठे उभं राहायचं ते घोडी सांगणार?"

"घोडी नाही, मी सांगतेय. नियमांत परीक्षकाने कुठे उभं राहायचं ते लिहिलं असेल तर वाचून दाखवा. नसेल तर आत जा. तुम्ही मला तीन आठवडे ऐकवलंत, मी ऐकलं. आता एकदा तुम्ही ऐका. एवढं करून ती थांबली तर मी स्वतः तिला बाहेरच्या गाडीला जुंपून देते. शब्द आहे माझा."

हे शेवटचं बोलायचं नव्हतं. पण बोलले होते.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मग घोडीकडे. ती त्यांच्याकडे बघतच होती, कान पुढे करून, कसलाही राग नसलेल्या डोळ्यांनी, दुसरी खेप घालायच्या तयारीने. त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. त्यांनी वही मिटली, पाठ फिरवली आणि लंगडत चालू लागले. एक, दोन, तीन, चार. जाताना, देवाशपथ, त्यांनी वही अशी सांभाळून धरली होती की आतलं सांडू नये.

मी घोडी फिरवली, लांबून घेतली. तिची मान माझ्या हाताखाली गरम होती. तीन पावलं. चौथं.

खण्ण.

फाटकाची वरची पट्टी मागच्या टापेला लागली आणि धाडकन खाली आली. मी एका रिकिबीतून सुटले, मानेला मिठी मारली, अर्धी लोंबत, अर्धी बसलेली. पण पलीकडे. दोघीही पलीकडे.

मास्तर वळले. "पट्टी पडली. चार गुण गेले."

"जाऊ देत. थांबली का?"

"नाही थांबली." वही उघडून त्यांनी लिहिलं, मग पुन्हा म्हणाले, स्वतःशीच बोलल्यासारखे, "नाही थांबली."

कुंपणाबाहेरची गाडी ज्याने आणली होती, त्यालाच ओढत न्यावी लागली. दादाने गुंडाळी खिशात खोल सारली आणि वहिनींना म्हणाला, "बघ, मी म्हटलं नव्हतं जमेल म्हणून?"

"म्हटलं नव्हतंत," वहिनी म्हणाल्या, आणि डब्याचं झाकण लावलं. खण्ण झालं. घोडी मला घेऊन दोन पावलं पुढे निघाली. सगळे हसले, मास्तरसुद्धा.

संध्याकाळी घोडीला खरारा करून मी ठाणाबाहेर आले तेव्हा मास्तर खडू घेऊन पाटीसमोर उभे होते.

"काय लिहायचं? उड्यांची घोडी?"

मी बाहीचं टोक पाण्याच्या बादलीत बुडवलं आणि खालचा शब्द पुसला. तात्पुरती. एकदा पुसून गेला नाही, दोनदा घासला. वरचे दोन शब्द तसेच ठेवले.

"गाडीची घोडीच राहू द्या," मी म्हटलं. "येणाऱ्या-जाणाऱ्याला कळायला हवं, उड्या कोण मारतं ते."

मास्तरांनी हातातला खडू उचलला आणि त्या दोन शब्दांवरून पुन्हा एकदा ठळक फिरवला.